मावशींनी हात आवरता घेतला

मावशींच्या हाताखालून कुणी उपाशी गेलं असं आजवर झालं नव्हतं, आणि आपला हा लौकिक मावशींना स्वतःलाही चांगलाच ठाऊक होता. एका प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात त्यांचं उभं आयुष्य गेलं. बाळंतीण कितीही "नको, नको" म्हणाली तरी मावशी ताट घेऊन खाटेपाशी उभ्या राहायच्या, आणि दोन घास जास्तच खाऊ घालून परत फिरायच्या. डॉक्टरांनी "हिला हलकंच द्या" असं बजावलं, की मावशी मान डोलवायच्या आणि हलकंच, पण वाटीभर जास्त द्यायच्या. घरी जाताना बायका डॉक्टरांचे आभार मानायच्या आणि मावशींच्या गळ्यात पडायच्या.

पुढे ते प्रसूतिगृह बंद पडलं. मावशी घरी बसल्या, आणि घरी बसलेल्या मावशी म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पोटावर संकटच. सकाळ-संध्याकाळ झाकलेली भांडी जिन्यावरून वरखाली फिरू लागली. शेवटी त्यांच्या धाकट्या भावाने हात टेकले आणि आपल्या नोकरीच्या ठिकाणी त्यांच्यासाठी शब्द टाकला. हा भाऊ मत्स्यालयात पंप आणि पाणी गार करायची यंत्रं सांभाळायचा. मिशा पिकल्या, चष्मा लागला, तरी मावशींच्या लेखी तो 'बाळ'च. मत्स्यालयात सगळ्यांचा बाळूभाऊ असलेला तो त्यांना ताई म्हणायचा आणि त्यांच्या डब्याला वचकून असायचा.

मत्स्यालयात मावशींच्या वाट्याला पुन्हा स्वयंपाकच आला, फक्त जेवणारे बदलले. दर्शनी दालनाच्या मागे, पंपांच्या घरघरीत, एक लांबट खोली होती. फरशी कायम ओली, भिंतीला पांढऱ्या नळ्यांचं जाळं, आणि एका कोपऱ्यात उलट्या टांगलेल्या बाटल्या. त्या बाटल्यांतल्या मिठाच्या पाण्यात रोज धुळीसारखी बारीक अंडी सोडायची. त्यांतून कोळंबीच्या जातीची पिल्लं निघायची, नारिंगी, नुसते ठिपके. ती गाळून, धुऊन ज्याच्या त्याच्या टाकीत पोचवायची. मावशींना हे काम पहिल्या दिवसापासून आवडलं. जेवणारे तक्रार करत नव्हते आणि पुरे असंही म्हणत नव्हते.

खोलीतल्या एका फळीवर काचेची पसरट भांडी मांडलेली होती. भांड्यांत शिंपले पालथे घातलेले, आणि त्या शिंपल्यांवर बुरशी धरल्यासारखं काहीतरी पांढुरकं. मावशींनी पाहिलं आणि घासणी उचलली. फळीची देखभाल करणाऱ्या मॅडम धावत आल्या म्हणून निभावलं.

"मावशी, थांबा! बुरशी नाही ती. बाहेर गोल टाकीत मोठी जेलीफिश आहे ना, डंख मारणारी? तिची मुलं आहेत ही."

"तिची मुलं?" मावशींनी घासणी खाली ठेवली, पण विश्वास काही ठेवला नाही. "ना आईचा तोंडवळा, ना रंग. ती केवढी, ही केवढीशी!"

मॅडमनी त्यांच्या हातात भिंग दिलं. मावशींनी वाकून पाहिलं, आणि त्या वाकलेल्याच राहिल्या. शिंपल्याच्या पाठीवर इवले इवले पेले उभे होते. प्रत्येक पेल्याच्या काठाला केसासारखे हात, आणि ते हात पाण्यात चाचपडत होते.

मॅडम वयाने मावशींच्या मुलीसारख्या, बोलायला फटकळ, पण शिकवायला बसल्या की घड्याळ विसरायच्या. त्यांनी सगळी कहाणी सांगितली. गोल टाकीतल्या जेलीफिशांत नर वेगळे, माद्या वेगळ्या. नराने बीज पाण्यात सोडायचं, मादीच्या अंड्यांनी ते धरायचं. त्यातून निघतो धुळीच्या कणाएवढा जीव. अंगभर लव, त्या लवेच्या जोरावर तो पोहतो. शिंपला म्हणा, दगड म्हणा, धक्क्याच्या खांबाची खालची बाजू म्हणा, काहीतरी टणक सापडलं की तिथे तो चिकटतो आणि असा पेला होतो. त्याला पॉलिप म्हणायचं. हा पॉलिप वर्षानुवर्षं एका जागी बसून खातो. खाण्याचं दार एकच, बाहेर टाकण्याचंही तेच.

"आणि मग मोठा होऊन जेलीफिश होतो?" मावशींनी विचारलं.

"नाही. हा इथंच राहतो. ह्याच्या अंगातून जेलीफिश निघतात. पण त्याला ऋतू बदलावा लागतो."

मावशींनी त्यातलं खाण्याचं तेवढं पक्कं लक्षात ठेवलं. पॉलिपांना त्या 'बैठी मंडळी' म्हणू लागल्या आणि मोठ्या जेलीफिशांना 'फिरती मंडळी'.

बैठ्या मंडळींवर मावशींचा जीव जडला, त्याला कारणही तसंच होतं. त्यांचं अंग पारदर्शक. पिल्लांचं पाणी ड्रॉपरने सोडलं की काठावरचे हात एकेक ठिपका पकडून आत न्यायचे, आणि बघता बघता पोट नारिंगी व्हायचं. मावशींनी हजारो माणसांना जेवू घातलं होतं, पण जेवलेल्याचं भरलेलं पोट आरपार दिसावं हे सुख त्यांना आत्ता पहिल्यांदा मिळत होतं. त्या दिवसातून एकदा द्यायचं ते दोनदा देऊ लागल्या. मंडळी फोफावली. एकाच्या कुशीतून दुसरं फुटायचं, दुसऱ्याच्या तिसरं. शिंपल्यावर जागा उरेना तेव्हा ती काचेवर चढली. मत्स्यालयाचे साहेब एकदा फेरीला आले तेव्हा फळी बघून म्हणाले, "वा! हाताला यश आहे तुमच्या." मावशी दिवसभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होत्या.

पण जेलीफिश मात्र एकही निघेना.

इकडे गोल टाकीतली फिरती मंडळी थकत चालली होती. टाकी गोल ठेवतात, कारण ह्या प्राण्याला कोपरा कळत नाही. कोपऱ्यात गेला की तिथेच आपटून फाटतो. तो बिचारा छत्री उघडमीट करत पाण्याबरोबर फिरतो. मेंदू नाही, हृदय नाही, हाड नाही की रक्त नाही. आणि एवढं सगळं नसताना त्याच्या लांब झालरींना मात्र भले भले पट्टीचे पोहणारे घाबरून असतात. झालरीवर लक्षावधी बारीक पेशी असतात. प्रत्येक पेशीत विषारी धाग्याचं वेटोळं दाबून बसवलेलं. स्पर्श झाला की धागा सुटलाच. एकदा सुटला की ती पेशी संपली, तिच्या जागी नवी येते. झालर तुटून पडली तरी डसायची थांबत नाही. असा हा दरारा, पण आयुष्य म्हणाल तर जेमतेम वर्षभराचं. आता टाकीतल्यांच्या छत्र्या आकसत होत्या, काठ झिजत होते, झालरी आखूड होत होत्या. साहेबांनी सांगून टाकलं, "शाळांना सुट्ट्या लागेपर्यंत टाकीत नवी जेलीफिश दिसली तर ठीक. नाहीतर टाकी खेकड्यांना देऊ आणि मागची फळी मोडू." फळी मोडली तर बैठ्या मंडळींना ठेवायला दुसरीकडे कुठे जागा नव्हती.

मॅडम मावशींना म्हणाल्या, "तुमच्याकडे त्यांना फार सुख आहे. सुखात असले की ते नुसते आपल्यासारखेच आणखी वाढवतात. आता त्यांना हिवाळा दाखवायला हवा. बाळूभाऊ थंड पाण्याचं कपाट तयार करताहेत. भांडी त्यात ठेवायची, आणि मी सांगेपर्यंत खाणं बंद."

"बंद म्हणजे कमी?"

"बंद म्हणजे बंद."

मावशींनी मान डोलावली. प्रसूतिगृहात डोलवायच्या तशीच.

कपाटाला काचेचं दार होतं, तिथेच सगळा घोटाळा झाला. भिंग लावलं की आत मंडळी आखडून बसलेली दिसायची. हात आत ओढलेले, पोटं फिकी. मावशींना दुपारचा डबा गोड लागेना. उपाशी पोरांच्या समोर बसून आपण जेवायचं म्हणजे काय? पहिले काही दिवस त्यांनी दम धरला. मग एका सकाळी, मॅडम यायच्या आधी, त्यांनी दार उघडून प्रत्येक भांड्यात थेंबभर सोडला. थेंबाने काय होतंय! दुसऱ्या दिवशीही सोडला, तिसऱ्या दिवशीही सोडला. पोट नारिंगी होत नव्हतं हे त्यांना दिसत होतं, आणि म्हणून त्यांनी थेंबाचे दोन थेंब केले. चांगुलपणा डोक्यात गेला की माणूस किती बहिरा होतो, ह्याचं हे उदाहरण आहे. आणि मी, मत्स्यालयाच्या तिकीटखिडकीवर बसणारा, मावशींवर माझं कितीही प्रेम असलं तरी ते झाकणार नाही.

एका सकाळी कपाट उघडलं तर नासक्या पाण्याचा भपकारा आला. भांड्यांतलं पाणी दुधाळ झालं होतं. न खाल्लेली पिल्लं तळाशी कुजली होती आणि त्यावर कापसासारखी बुरशी धरली होती. बैठी मंडळी शिंपल्यावरून गळून पडली होती. मावशींनी एकेक भांडं भिंगाखाली धरलं. कुठेही हात हलत नव्हता.

मॅडम आल्या, त्यांनी पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "गारवा गेला असणार मधेच," त्या म्हणाल्या. "पाणी तापलं, त्याशिवाय असं होत नाही. बाळूभाऊ, कपाट बघा." साहेबही आले. बाळने कपाट पुढे ओढलं आणि मागची बाजू उघडून तो फरशीवर बसला. साहेब त्याच्या डोक्यावर उभे राहून म्हणत होते, "गेल्या वर्षी पंप, ह्या वर्षी कपाट. किती वेळा समजून घ्यायचं?" बाळ काही बोलत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते.

मावशी बाटल्यांशी उभ्या होत्या. गप्प राहिलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. यंत्रं बिघडतातच. पण भावाचे लाल कान त्यांना दिसत होते. लहानपणी दुसऱ्याच्या खोडीबद्दल मार खातानाही तो असाच गप्प बसायचा.

"बाळ, स्क्रू परत लाव," त्या म्हणाल्या. "यंत्राला काही झालेलं नाही. मी खायला घालत होते."

बाळने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"रोज?" मॅडमनी विचारलं.

"रोज."

"मी नको म्हटलं होतं."

"म्हटलं होतंत. पण बघवत नव्हतं हो."

मॅडम ओरडल्या असत्या तर मावशींना सोपं गेलं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "थंडीत त्यांना भूकच नसते, मावशी. भूक तुम्हाला लागली होती."

हे मावशींना आतपर्यंत लागलं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. साहेब कपाळाला आठ्या घालून निघून गेले. बाळ हात पुसत म्हणाला, "ताई, नोकरी गेली असती माझी."

"गेली असती. म्हणून तर बोलले."

"कपाट उघडायच्या आधी बोलायचं होतंस."

"हो रे," मावशी म्हणाल्या. "चुकलंच माझं."

मॅडमनी भांडी फेकून दिली नाहीत. शिंपले स्वच्छ पाण्यात धुतले, आणि मग भिंग लावून फार वेळ बघत बसल्या. नंतर त्यांनी मावशींना बोलावलं. शिंपल्याच्या पाठीवर, जिथे मंडळी बसलेली होती तिथे, तपकिरी ठिपके होते. खसखशीहूनही बारीक, आणि घट्ट चिकटलेले.

"हा पॉलिप जागेवरून जरा सरकतो तेव्हा पायाखाली अशी पुरचुंडी सोडतो," मॅडम म्हणाल्या. "वरून टणक कवच. आत थोडासा जीव. दिवस वाईट आले तर वरचा मरतो, ही टिकते."

"जिवंत आहे?"

"असेल. नसेलही. वाट बघायची." मग त्यांनी सगळी भांडी उचलून मावशींच्याच हातात दिली. मावशी दचकल्या. "मला नका देऊ आता."

"दुसऱ्या कुणाला दिली तर तो काय चुकेल ते मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमची चूक मला माहीत आहे."

बाळने पाण्याचा गारवा हळूहळू कमी केला. मावशी रोज भिंग लावून ठिपके बघत. बघण्यापलीकडे करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि काही न करणं हे काम त्यांना जन्मात कुणी शिकवलं नव्हतं. त्या धुतलेल्या बाटल्या पुन्हा धूत, पुसलेली फळी पुन्हा पुसत. एक दिवस एका ठिपक्याला भोक दिसलं. त्यातून काहीतरी पांढरं डोकावत होतं. दोन दिवसांत त्याला हात फुटले. मग दुसऱ्यातून, मग आणखी कितीतरी. मावशींना आनंदाने रडू आलं, पण ड्रॉपर उचलण्याआधी त्या मॅडमकडे गेल्या. "किती द्यायचं?" त्यांनी विचारलं. आयुष्यात हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी विचारला होता.

मंडळी बऱ्यापैकी अंगाने भरली तेव्हा पुन्हा हिवाळा आला, म्हणजे पुन्हा कपाट. गोल टाकीत तोवर शेवटची जेलीफिश विरून गेली होती. टाकीवर काळा कपडा टाकला होता, आणि सुट्ट्यांना थोडेच महिने उरले होते. कपाटाच्या काचेआड मंडळी पुन्हा आखडून बसली. पोटं पुन्हा फिकी. मावशींनी एक खुर्ची ओढून कपाटासमोर ठेवली आणि कामातून मोकळ्या झाल्या की त्या तिथे हात मांडीवर ठेवून बसायच्या. डबा त्या उघडतच नव्हत्या. मॅडमच्या ते लक्षात आलं.

"तुम्ही उपाशी राहून त्यांची थंडी लवकर संपणार नाही, मावशी. जेवा."

"त्यांच्यासमोर घास उतरत नाही."

"मग बाहेर जाऊन जेवा." मावशी बाहेर पायरीवर बसून जेवल्या. बाळ शेजारी येऊन बसला आणि न सांगता त्यांच्या डब्यातलं घेऊन खाऊ लागला. त्याने तसं केल्याला बरीच वर्षं झाली होती.

मोठमोठी कामं करणाऱ्यांचं कौतुक सगळेच करतात. पण ज्या हाताला जन्मभर पुढे होण्याचीच सवय, तो मागे घेऊन मांडीवर ठेवायला काय लागतं, ते मी त्या खुर्चीकडे बघून शिकलो. त्या दिवसांत मावशींनी एकही थेंब सोडला नाही. एकदा मॅडम रजेवर होत्या, कपाटाची किल्ली मावशींकडे होती, पिल्लांनी भरलेली बाटली हाताशी होती. मावशी उठून बाळच्या पंपघरात गेल्या आणि तिथे घरी जायच्या वेळेपर्यंत बसल्या. "काय झालं?" असं त्याने विचारलं, तर म्हणाल्या, "तुझ्याकडे खायला मागणारं कुणी नाही ना, म्हणून."

मग पाणी पुन्हा कोमट होऊ लागलं, आणि एका भांड्यात एक पॉलिप वेगळा दिसू लागला. अंग लांबलं, रंग गडद झाला, आणि अंगाभोवती दोरा गुंडाळून आवळल्यासारख्या खाचा पडल्या. खाचा खोल गेल्या. पेल्याच्या जागी बशांची चळत उभी राहिली. वरच्या बशीला कात्रे पडले, आणि एका दुपारी ती बशी धडधडू लागली.

"मॅडम!" मावशींनी हाक मारली ती पार तिकीटखिडकीपर्यंत ऐकू गेली.

मॅडम आल्या, बाळ आला. बशी ओढ घेत होती, थांबत होती, पुन्हा ओढ घेत होती. प्रसूतिगृहात मावशींनी हजारो बाळं पाहिली, पण ती दुपट्यात गुंडाळलेली. प्रसूतीच्या खोलीचं दार स्वयंपाकिणीला कधी उघडलं नव्हतं. आता त्या सगळ्यांच्या पुढे उभ्या होत्या. बशी एकदम सुटली. आठ पाकळ्यांची चांदणी. ती वाकडीतिकडी, घाबऱ्याघुबऱ्या उड्या मारत भांडंभर फिरली. तिच्यामागून दुसरी धडधडायला लागली.

सगळे चांदण्यांकडे बघत होते. मावशी खाली शिंपल्याकडे बघत होत्या. चळतीच्या तळाशी पेल्याचं उरलंसुरलं बूड तसंच चिकटून होतं, आणि त्याच्या काठाला नवे हात फुटत होते.

"ही आई जगते?" त्यांनी विचारलं.

"जगते. हात परत येतात. पुढच्या हिवाळ्यानंतर पुन्हा."

मावशींनी डोळ्याला पदर लावला. एक बाळंतीण घरी परत न गेल्याचं त्यांनीही पाहिलेलं होतं.

पुढचे दिवस मात्र खास मावशींचे होते. चांदण्यांना सारखं खायला लागतं, आणि नुसत्या पिल्लांवर भागत नाही. दुसऱ्या, सौम्य जातीच्या जेलीफिशचं मांस हवं, तेही बारीक चिरलेलं. मावशींनी सुरी काढली. एवढं बारीक की मॅडमनाही भिंग लागावं. चांदण्यांची पोटं नारिंगी झाली की त्या थांबायच्या, पाणी बदलायच्या, आणि पुन्हा तयारीला लागायच्या. काही चांदण्या गेल्याच. छत्री उलटी झाली, काठ मुरडला, सकाळी नव्हत्या. ज्या राहिल्या त्यांच्या पाकळ्यांमधली जागा भरत गेली. छत्री गोल झाली, झालरी लोंबू लागल्या. साहेबांनी खेकड्यांची मागणी आधी पुढे ढकलली आणि मग रद्द केली.

सुट्ट्यांत काळा कपडा निघाला तेव्हा गोल टाकीत तांबूस छत्र्या फिरत होत्या. गर्दी काचेला नाक लावून उभी होती. मावशी टाकीच्या मागे, फळकुटावर चढून, लांब दांड्याच्या ब्रशने काच पुसत होत्या. हातात कोपरापर्यंतचा रबरी मोजा. ब्रश निसटला म्हणून त्यांनी हात जरा खोल घातला, आणि एक झालर मोज्याच्या वर, उघड्या दंडाला, लपेटून गेली.

"आई गं!"

बाळ धावत आला. "हात बाहेर काढ! चोळू नको, ताई, चोळू नको अजिबात!" त्याने त्यांना खाली बसवलं, टाकीतलंच खारं पाणी दंडावर ओतलं, चिमट्याने झालरीचे तुकडे उचलले. दंडावर चाबकाच्या फटक्यांसारखे लाल वळ उठले होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"आग होतेय?" तो घाबरून विचारत होता. "मॅडमना बोलावू? ताई, बोल ना काहीतरी. हसतेस काय?"

मावशी खरंच हसत होत्या. त्यांनी तो सुजलेला दंड उजेडाकडे धरून, वळसे घालून गेलेल्या एकेका वळाकडे नीट पाहिलं.

"बोलाव मॅडमना," त्या म्हणाल्या. "म्हणावं, पोरांच्या अंगात ताकद आली."